पहारेकरी झोपलेला, पण खुर्ची सोडेना

संगणकात व्हायरस आहे का, हे बघायला एक रात्र पुरली. त्याआधीचे तीन दिवस मात्र एका अँटीव्हायरसला हाकलण्यात गेले आणि त्याचा राग अजून डोक्यात आहे.

झालं असं, की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सारखी एक पाटी उगवायला लागली: ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, इथे क्लिक करा.’ क्लिक केलं नाही, एवढी अक्कल होती. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज सिक्युरिटी आधीपासूनच असते आणि तिच्यातला डिफेंडर फुकटात तपासणी करतो, हेही ऐकून होतो. स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडलं. आता ‘क्विक स्कॅन’चं बटण दाबायचं, की झालं.

बटणच नव्हतं.

तिथे भलत्याच अँटीव्हायरसचं नाव. संगणक घेतला तेव्हा आत बसूनच आलेला, ट्रायलवाला. ट्रायल कधीच संपली होती. अधूनमधून पैसे भरा म्हणून ओरडायचा, मी ‘नंतर’ दाबायचो. विंडोजचा कायदा असा, की दुसरा अँटीव्हायरस नोंदलेला असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. दोघं एकाच फाइलवर एकदम तुटून पडले तर संगणकाची गोगलगाय होते, म्हणून. कायदा रास्त आहे. पण माझा पहारेकरी पगार थांबला म्हणून झोपलेला, आणि खुर्ची काही सोडेना.

पहिल्या संध्याकाळी सेटिंग्ज, ॲप्स, अनइन्स्टॉल. मग ‘खरंच जाताय?’, मग सवलत, मग आणखी एक पडदा. त्यावर मोठं हिरवं बटण होतं ‘राहू द्या’चं, आणि ‘काढून टाका’ खाली फिकट अक्षरांत. घाईत मी हिरवं दाबलं. चूक माझी, पण बटण तसं का ठेवलंय ते न कळायला मी दूधखुळा नाही.

दुसऱ्या दिवशी नीट वाचून दाबलं. पट्टी शेवटाजवळ आली आणि थिजली. चहा झाला, आंघोळ झाली, पट्टी जागची हलेना. शेवटी रीस्टार्ट. आता गंमत बघा: ॲप्सच्या यादीतून नाव गायब, विंडोज सिक्युरिटीत मात्र तसंच विराजमान. म्हणजे काढायला हातात काही नाही आणि डिफेंडरला जागाही नाही. तीनदा रीस्टार्ट करून पाहिलं. कंपनीला मेल लिहिली, तर उत्तर यंत्राने पाठवलेलं आणि त्यात नूतनीकरणाची लिंक!

तिसऱ्या दिवशी कळलं, की अशा बऱ्याच कंपन्या आपला मागे राहिलेला कचरा उपसायला वेगळं ‘रिमूव्हल टूल’ देतात. ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं. सर्चमध्ये पहिल्या दोन-तीन जागी तसल्याच नावाच्या भलत्या साइट्स होत्या, मी थोडक्यात वाचलो. खरं टूल मदत विभागात पार तळाशी पुरून ठेवलं होतं. चालवलं, रीस्टार्ट केलं, आणि डिफेंडरची हिरवी खूण दिसली. एवढा आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

पुढचं सगळं सरळ. क्विक स्कॅन काही मिनिटांत झाला, काही नाही. ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून फुल स्कॅन रात्री लावला. (त्याआधी स्लीप बंद करा, माझा लॅपटॉप मधेच झोपला आणि तास-दीड तास वाया गेला.) सकाळी एकच गोष्ट सापडली: डाउनलोड्समध्ये पडलेल्या व्हिडिओ कन्व्हर्टरच्या फाइलमधून आलेला एक नको असलेला प्रोग्राम. ‘रिमूव्ह’ केला. हो, आणि स्कॅनच्या आधी ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मध्ये जाऊन नव्या व्हायरसांची माहिती उतरवून घ्या, डिफेंडर इतके दिवस बाजूला बसलेला असतो. शंका राहिली म्हणून ऑफलाइन स्कॅनही केला. त्यात संगणक रीस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू नसताना तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला पळवाट कमी. पंधराएक मिनिटं लागली. उघडी कामं मात्र आधी सेव्ह करा. निकाल नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त बघायचा.

काही नाही. आणि तेवढ्यात कोपऱ्यात पाटी: ‘५ व्हायरस सापडले.’

ती व्हायरसची नव्हतीच. कुठल्याशा साइटला मी कधीतरी ‘अलाउ’ म्हटलं होतं, तिची ब्राउझर नोटिफिकेशन. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये, नोटिफिकेशन्सखाली तिचं नाव सापडलं. काढायला दहा सेकंद लागले.

आणि चौथ्या दिवशी दिसलेली गोष्ट: दुसरा अँटीव्हायरस बसलेला असतानाही त्याच पानावर खाली ‘डिफेंडर अँटीव्हायरस ऑप्शन्स’ असतं. तिथे ‘पीरिऑडिक स्कॅनिंग’ चालू केलं, की त्या झोपाळूला न हलवताही डिफेंडरकडून तपासणी करून घेता येते.