ड्यूलाकची सहा चित्रं

जुन्या सचित्र पुस्तकांच्या दुरुस्तीत सगळ्यांत कटकटीचं काम सुटलेल्या चित्रांचं असतं. शंभर वर्षांपूर्वी तीन रंगांच्या ब्लॉकवरून चित्र छापायचं तर गुळगुळीत आर्ट पेपरच लागायचा, आणि मजकूर असायचा जाड, खरबरीत कागदावर. म्हणून चित्रं वेगळी छापून, वरच्या कडेला सरसाची बारीक रेघ ओढून, कोऱ्या पानावर चिकटवत. सरस वाळला की चित्र सुटतं, आणि सुटलेलं चित्र फार काळ घरात राहत नाही. कुणी फ्रेम करतं, कुणी मुलांना देतं, आणि रद्दीत पोचलं तर पुस्तकापेक्षा सुट्या चित्रांनाच जास्त भाव येतो.

त्यामुळे निवृत्त बँक अधिकारी असलेले एक काका पुण्यातल्या माझ्या कामाच्या खोलीत आजोबांची ट्रंक घेऊन आले, तेव्हा काय निघणार याचा मला साधारण अंदाज होता. ट्रंकेत चार ओळींच्या रुबाया लिहिणारा जुना फारसी कवी उमर खय्यामच होता, पण पाच चित्रकारांच्या पाच अवतारांत. एडमंड ड्यूलाकची 1909 ची प्रत, विली पोगानीची त्याच वर्षाची, एडमंड सलिव्हनची 1913 ची, लंडनच्या ‘स्टुडिओ’ या कलेच्या मासिकानं 1910 मध्ये काढलेली अवनींद्रनाथ टागोरांच्या चित्रांची आणि एलिहू वेडरच्या मोठ्या पुस्तकाची लहान आकारातली पुनर्मुद्रित प्रत. इंग्रजी मजकूर सगळीकडे खय्यामचं भाषांतर करणाऱ्या एडवर्ड फिट्झजेराल्डचा.

“ताई, ड्यूलाकला गिऱ्हाईक आहे,” काका म्हणाले. “फक्त चित्रं जिथली तिथं लावून द्या. सहा कमी दिसतायत, ट्रंकेतच कुठंतरी असतील.”

वीसपैकी सहा. कोऱ्या पानांवर सरसाच्या पिवळ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. पोगानीतली काही गेली होती, टागोरांची दोन. सलिव्हनमधलं एक पान तर ब्लेडनं मुळाशी कापलेलं. एवढं सरळ कापलेलं पान चोराचं नसतं. ते पट्टी लावून सावकाश कापलेलं होतं.

वेडरला मात्र हात लागला नव्हता, आणि त्याचं कारण नंतर लक्षात आलं. वेडर रोममध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार. 1884 मध्ये बॉस्टनहून त्याचं पुस्तक आलं आणि पहिली आवृत्ती सहा दिवसांत संपली. त्यानं कवितेच्या ओळीही स्वतःच्या हातानं, चित्राच्या आतच लिहिल्या. मुखपृष्ठापासून सगळं त्याचंच. पानापानांतून फिरणारा एक भोवरा आहे: विखुरलेलं सगळं गोळा होत येतं, क्षणभर उलटं फिरतं, मग पुन्हा विखुरतं. तो उलटा क्षण म्हणजे आयुष्य, असं त्याचं म्हणणं. अशा पुस्तकातून चित्र काढलं तर त्यासोबत इंग्रजी ओळीही येतात.

(आमच्या धंद्यात वेडरचं नाव वेगळ्या कारणानं घेतात. लंडनच्या सँगोर्स्की अँड सटक्लिफ या बांधणीकारांनी वेडरच्याच एका प्रतीला 1,050 रत्नं जडवून मोरांची बांधणी केली होती. ती 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सँगोर्स्कीही समुद्रात बुडून गेला. बांधणीवर असा खर्च करू इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ही गोष्ट आवर्जून सांगते.)

ट्रंकेच्या तळाशी एका धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं मराठी पुस्तक निघालं. माधव जूलियनांचं ‘उमरखय्यामकृत रुबाया’, 1929. पुस्तक मिटतच नव्हतं; पोट फुगून पाठीची शिवण ताणलेली. उघडलं तर ड्यूलाकची गडद निळी रात्र समोर. काही पानांनंतर पोगानी. मग टागोरांचा पातळ, धुरकट वॉश, म्हणजे पाण्यानं धुऊन फिकट केलेला रंग. सगळी चित्रं वरच्या कडेला तेवढी खळ लावून, मूळ पुस्तकात असतात तशीच चिकटवलेली. बाजूला पेन्सिलीनं उर्दूसारख्या लिपीत बारीक ओळी.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, “आजोबा हायस्कुलात फारसी शिकवायचे.” त्या काळी मुंबई इलाख्यात संस्कृतऐवजी फारसी घेता यायची, जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक होते. 1931 मध्ये त्यांनी फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ही केलं. आजोबांना सोपं काम हवं असतं तर चित्रं ‘द्राक्षकन्ये’त लावता आली असती. चित्रकारांनी रेखाटल्या होत्या त्याच ओळी तिथं मराठीत मिळाल्या असत्या. पण त्यांनी थेट फारसीवरून केलेलं पुस्तक निवडलं. फिट्झजेराल्डनं दोन-तीन रुबायांची एक केलेली, काहींना स्वतःचा रंग दिलेला. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी आजोबांना जागा नव्यानं शोधावी लागली असणार.

तो अख्खा दिवस मी दुरुस्तीचं काम बाजूला ठेवून वाचण्यात घालवला. एका हातात भिंग, समोर सगळी पुस्तकं. ड्यूलाकचं निळं आभाळ कालचक्राला जाब विचारणाऱ्या रुबाईसमोर. टागोरांची एकटी बसलेली आकृती कुंभाराच्या मातीच्या रुबाईजवळ. पोगानीची सुरई घेतलेली सुंदरी नेमकी ढोंगी मुल्लावरच्या रुबाईशेजारी लावलेली. इथं मी एकटीच मोठ्यानं हसले. त्या काळात प्रकाशकांनी खय्यामच्या नावावर सुरई धरलेल्या बायका किती छापल्या याला गणती नाही. फिट्झजेराल्डची 1859 ची पहिली आवृत्ती, अवघ्या 250 प्रती, विकल्या न गेल्यामुळे एका पेनीला एक अशा स्वस्त पुस्तकांच्या पेटीत पडली होती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे हक्क संपले आणि नाताळच्या भेटीची पुस्तकं छापणाऱ्या प्रत्येकाला खय्याम फुकटात मिळाला.

इराणातल्या जुन्या चित्रकारांनी शाहनामा रंगवला, निजामी रंगवला. त्यांना चित्रासाठी गोष्ट लागे. चार ओळींच्या रुबाईत गोष्ट नसते, प्रसंग नसतो, असतो तो एक विचार. त्यामुळे लंडनच्या मंडळींना मोकळं रान मिळालं आणि बहुतेकांनी त्यात बाग, चंद्र आणि बाई उभी केली. ड्यूलाकचा रंगाचा हात मला मान्य आहे, पण त्याची बरीचशी पानं खय्यामशिवायही चालली असती. टागोरांची चित्रं मला जास्त जवळची वाटतात. कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून घेतलेल्या वॉशनं त्यांनी सगळा थाटमाट धुऊन टाकला आहे.

विचाराला धरून राहिला तो सलिव्हन. फिट्झजेराल्डच्या पहिल्या आवृत्तीतल्या पंच्याहत्तरही चौकड्यांना, म्हणजे चार ओळींच्या कडव्यांना, एकेक काळं-पांढरं चित्र. कापलेलं पान होतं सव्विसाव्या चौकडीचं: गुलाबांच्या हारात उभा सांगाडा. हेच चित्र 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन तरुणांनी उचलून ग्रेटफुल डेड या बँडच्या पोस्टरवर लावलं, आणि आज ते टी-शर्टांवर दिसतं. आजोबांनी ते कोमेजलेलं फूल पुन्हा उमलत नाही या रुबाईसमोर लावलं होतं. बाजूची पेन्सिलीतली ओळ मी फोटो काढून फारसी जाणणाऱ्या मित्राला पाठवली. उत्तर आलं, मूळ ओळ तीच आहे, फक्त फूल गुलाबाचं नाही, लालाचं, म्हणजे ट्यूलिपचं आहे. आजोबांनी सांगाड्याच्या एका गुलाबावर पेन्सिलीनं हलकी फुली मारलेली होती. मास्तरांनी तपासून दिलेलं चित्र!

संध्याकाळी काका आले. मी त्यांना दोन्ही पुस्तकं दाखवली. सहाही चित्रं काढता येतील, हे आधी सांगितलं. आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, पाणी लागलं की तो चिकटतो आणि सोलतो. पण खळ फक्त कडेला आहे, कोरड्या स्पॅच्युलानं जमेल. मग हेही सांगितलं, की ड्यूलाकच्या पूर्ण प्रती बाजारात मिळतात. असं मराठी पुस्तक एकच आहे.

“म्हणजे तुम्ही काढणार नाही?”

“काढीन. पुस्तक तुमचं आहे. पण मला विचाराल तर काढू नये.”

काकांनी बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. बराच वेळ चढ्या आवाजात बोलणं चाललं. गिऱ्हाइकानं सांगितलेला आकडा मलाही ऐकू आला. आत आले ते थोडे वैतागलेलेच. “ती म्हणते, आजोबांनी तिला ही चित्रं दाखवत रुबाया शिकवल्यात. राहू द्या.”

ड्यूलाक चौदा चित्रांसह, कमी असलेल्यांची नोंद लावून गेला. गिऱ्हाइकानं भाव पाडलाच. मराठी पुस्तकाची शिवण मी उसवली, चित्रांच्या जाडीइतक्या कागदी पट्ट्या पाठीत घालून पुन्हा शिवलं, कसरीनं खाल्लेल्या कडांना जपानी कागद लावला. पेन्सिलीला रबर लागू दिला नाही.

त्या ओळी मित्र अजून सवडीनं वाचतो आहे. परवा एक पाठवली, ती खय्यामची नाही, हाफिजची निघाली.