फुल-एचडीकडून फोर-केकडे : दोन पडदे झाले, एक बाकी

फोंड्यातील माझ्या टेबलावर २४ इंची, फुल-एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलचे तीन मॉनिटर शेजारीशेजारी होते. एका स्थानिक दिवाळी अंकाची पानजुळणी मी हौसेने करतो. त्या कामाचा जोर श्रावणात सुरू होत असल्यामुळे त्याआधीच तिन्ही पडदे २७ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलचे, करायचे ठरवले. आतापर्यंत मधला आणि उजवीकडचा असे दोन बदलून झाले आहेत, डावीकडे अजून जुनाच आहे.

वरवर पाहता जुन्या पडद्यांत काही खोट नव्हती. परंतु २४ इंचांत १०८० ओळी म्हणजे इंचाला सुमारे ९२ पिक्सेल, आणि त्या घनतेला १० पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला, वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून, उभे जेमतेम १३ पिक्सेल येतात. रोमन लिपीचे एवढ्यात भागते, देवनागरीचे भागत नाही. ‘कार्यकर्त्यांचा’ हा शब्द खऱ्या आकारात पाहिला, की ‘र्त्यां’वरचा रफार आणि अनुस्वार मिळून एकच करडा ठिपका होई, आणि अनुस्वार पडला आहे की राहिला आहे हे कळण्यासाठी प्रत्येक वेळी पान मोठे करावे लागे. २७ इंची फोर-केची घनता १६३ पडते, म्हणजे त्याच अक्षराला साडेबावीस पिक्सेल मिळतात. आता रफाराचा आकडा आणि त्याच्या कुशीतला टिंब वेगवेगळे दिसतात. मुद्रिततपासणीच्या दृष्टीने एवढ्या एका फरकासाठीसुद्धा हा खर्च मला वाजवी वाटतो.

२७ इंचांतच २५६० × १४४० चा स्वस्त पर्याय होता. त्याची घनता १०९, म्हणजे ९२ च्या तुलनेत फारशी उडी नाही; खेळांसाठी तो उत्तम असेल, अक्षरांसाठी नव्हे. शिवाय २७ इंची पडदा ५९.८ सेंटीमीटर रुंद आणि ३३.६ उंच असतो, त्यामुळे ए-४ ची समोरासमोरची दोन पाने खऱ्या मापात त्यावर मावतात आणि वर मेन्यूसाठी चार सेंटीमीटरला थोडी कमी अशी पट्टी उरते. २४ इंची पडद्याची उंची २९.९ सेंटीमीटर आणि पानाची २९.७, तेव्हा तेथे मेन्यूला जागाच नव्हती.

‘एवढे पिक्सेल म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड नवे घ्यावे लागेल’ असे अनेकांनी बजावले होते. फोर-केमध्ये फुल-एचडीच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात हे खरे. पण एका चित्रचौकटीला लागणारी स्मृती सुमारे ३३ एमबी, तीन पडद्यांची मिळून १०० एमबी. माझ्या आरटीएक्स ३०६० या कार्डाच्या १२ जीबी स्मृतीपुढे हे काहीच नाही. खरी अडचण कार्डाच्या ताकदीपेक्षा संगणकाकडून पडद्याकडे चित्र नेणाऱ्या वाहिनीच्या रुंदीची असते. सेकंदाला ६० चौकटी आणि पिक्सेलमागे २४ बिट धरल्यास नुसत्या चित्राचेच जवळजवळ १२ गिगाबिट प्रतिसेकंद होतात. एचडीएमआय १.४ या जुन्या जोडणीतून प्रत्यक्षात ८ च्या आसपासच जातात, म्हणून तेथे फोर-के ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चौकटींवर, अडकते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ पासून पुढे हे दुखणे नाही. कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४ चे तीन पोर्ट असल्यामुळे मी तिन्ही पडदे त्यांवरच घेणार आहे. ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांनी मॉनिटरची किंमत विचारण्याआधी मागचे पोर्ट पाहावेत.

मॉनिटर बसवण्यासाठी भिंतीचा विचार सोडून दिला. आमचे घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, आहे, आणि चिरा सच्छिद्र असल्याने लांब हातावर लोंबणारे वजन त्यातल्या प्लगवर टाकण्याची माझी तयारी नव्हती. टेबलाच्या कडेला आवळायचे, मॉनिटर धरून ठेवणारे हात घेतले. मॉनिटरच्या पाठीवर १०० मिलिमीटर अंतराची चार भोके असतात आणि त्यांत एम-४ स्क्रू बसतात. सोबत आलेले साधे स्क्रू बाजूला ठेवून स्टेनलेसचे लावले, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात साध्या स्क्रूवर गंज चढायला वेळ लागत नाही.

सध्याची मिश्र अवस्था मात्र शिकण्यासारखी आहे. विंडोज फोर-केला १५० टक्के स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि खिडक्या दीडपट करून दाखवणे, सुचवते. त्यावर खिडकी जुन्या पडद्यावरून नव्यावर नेली की ती डोळ्यांदेखत आक्रसते. १६३ ला १.७५ ने भागले तर ९३ येतात, म्हणजे जवळपास जुन्या पडद्याचीच घनता. म्हणून तूर्त १७५ टक्के ठेवले आहे आणि खिडक्या दोन्हीकडे एकाच मापाच्या दिसतात. बाणाचे मात्र यातून सुटत नाही. विंडोज पडद्यांची मांडणी पिक्सेलांनी मोजते, सेंटीमीटरने नव्हे, त्यामुळे टेबलावर जवळजवळ सारखे उंच दिसणारे दोन पडदे तिच्या लेखी २१६० आणि १०८० असतात, आणि नव्या पडद्याच्या अर्ध्या कडेवर बाण अदृश्य भिंतीला थडकतो. विंडोज ११ मध्ये बाणाची ये-जा सुलभ करण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर थडकणे थांबले, तरी बाण पलीकडे अपेक्षेपेक्षा वरखाली निघतो. तेव्हा टप्प्याटप्प्याने बदल करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की वेगवेगळ्या घनतेचे पडदे कायमचे शेजारी ठेवू नयेत. आकार थोडा कमीजास्त चालेल, घनता सारखी हवी.

विजेचे थोडक्यात : नवे पडदे प्रत्येकी ३०-४० वॉट खातात, जुन्या यूपीएसवर ते बसले. मृगाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला, की मी यूपीएसवर न विसंबता प्लगच काढतो.

तिसरा पडदा त्याच मॉडेलचा मिळाला तर बरे, नाहीतर २७ इंची दुसरा फोर-के घेऊन रंग जुळवून घेईन. तो उभा लावायचा आहे. उभ्या पडद्यावर क्लिअरटाइपचा, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवण्याच्या विंडोजच्या पद्धतीचा, हिशोब बिघडतो, कारण पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या आडव्या होतात. १६३ घनतेला रंगीत कडा कितपत जाणवतात ते लावल्यावरच कळेल. उभा-आडवा फिरवताना केबलला ताण बसू नये म्हणून संगणकाचे कॅबिनेट टेबलाखाली डावीकडे सरकवले आहे, म्हणजे २ मीटरच्या डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये काम भागेल आणि लांब केबलच्या भानगडीत पडावे लागणार नाही.