लुत्रोचा उंडा

लुत्रो, क्रीट बेट, ग्रीस. १४ सप्टेंबर, रात्री.

आज बोट आलीच नाही. सकाळपासून वारा सुटला होता. या गावाला रस्ता नाही. होरा स्फाकियाहून बोटीनं यायचं, नाहीतर कड्याच्या पायवाटेनं चालत. बोट नाही म्हणजे पाव नाही, पाहुणे नाहीत, आणि आमचं निघणंही नाही. मालकांनी काही न बोलता वरच्या खोलीची किल्ली परत हातात ठेवली. मला फार बरं वाटलं.

खाली खानावळ, वर चार खोल्या, पायरीपाशी समुद्र. एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच यांचा धंदा. हिवाळ्यात सगळे वर डोंगरातल्या आनोपोली गावाला जातात, मेंढ्यांकडे. १७७० साली तुर्कांविरुद्ध उठाव करणारा दास्कालोयान्निस आनोपोलीचाच. हे सांगताना मालकांच्या मुलाचा आवाज चढला होता.

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुपारी याया दारातल्या टेबलाशी भाजी निवडत बसली. याया म्हणजे आजी, सगळं गाव तिला तसंच म्हणतं. भाजीला ते व्लीता म्हणतात, पण पान हातात घेतल्यावर मी ओळखलंच, आपल्या माठाच्या कुळातली. मी समोर बसले. देठाला नख लावून बघायचं, जून असेल तर बाजूला टाकायचं. तीही तसंच करत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तासभर काही अडलं नाही. भाजी उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, एवढंच. फोडणी नाही, तरी मी दोनदा घेतली.

मग तिनं मला आत बोलावलं. स्फाकियाची 'पिता', म्हणजे या भागातली चीज भरलेली पोळी, करायची होती. कणकेत थोडं तेल आणि राकी, म्हणजे त्यांची घरची दारू, घातलेली, हाताला लोण्यासारखी मऊ. मिझिथ्राचा, म्हणजे तिथल्या ताज्या चीजचा, गोळा मध्ये ठेवून कणीक वर ओढायची, तोंड मिटायचं आणि हलक्या हातानं लाटायचं. माझ्या हातात उंडा आला आणि आईच्या ओट्याशी उभं असल्यासारखं झालं. होळीला ती म्हणायची, कड जाड ठेवू नकोस, पुरण कडेपर्यंत जायला हवं. मी तसंच लाटलं. यायानं पोळी उचलून उजेडाकडे धरली, कडा बोटानं चाचपल्या आणि काही न बोलता कोरड्या तव्यावर टाकली.

उलटल्यावर ती मधोमध टम्म फुगली.

"फुगली!" मी म्हणाले.

"फुस्कोसे!" याया म्हणाली. तिच्या भाषेत त्याचा अर्थ तोच, हे मुलानं नंतर सांगितलं.

तिनं मधाची बरणी माझ्याकडे सरकवली.