चौकात टीव्ही

ठाण्यातल्या त्या हॉलचं काम संपून सहा महिने झाले, बिलही चुकतं झालं. तरी ती भिंत माझ्या डोक्यातून जात नाही.

मी भिंतींची कामं घेते. टेक्स्चर, स्टेन्सिल, वॉलपेपर, हातानं काढलेली चित्रं. चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं वेळ चित्राला लागतो. खरा वेळ भिंत तयार करण्यात जातो. या घरी टीव्हीमागे वारली हवी होती, तीही खऱ्या गेरूवर. भिंत जिप्समची, गुळगुळीत, वर प्लास्टिक पेंट. असल्या भिंतीवर गेरू नुसता लावला तर वाळला की पापुद्रे सुटून खाली. म्हणून आधी जुना रंग पत्र्यानं खरवडला, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग प्रायमरमध्ये बारीक चाळलेली वाळू कालवून एक हात दिला, म्हणजे वरच्या थराला धरायला काहीतरी मिळतं. त्यावर गेरू, चाळलेली माती, वाळल्या शेणाची थोडी भुकटी आणि बांधणीला फेव्हिकॉल. हे मी हातानं सारवते. ब्रशनं लावलं की सरळ रेघा उठतात आणि कुडाच्या घराची ती वळणं येत नाहीत. चार दिवस गेले. टेक्स्चर पेंटचा स्क्वेअर फुटाचा भाव न कुरकुरता देणारी माणसं या हातकामाला मात्र घासाघीस करतात, याचा मला राग येतो.

पाचव्या दिवशी वारली काढणाऱ्या जव्हारकडच्या मावशी आल्या, सोबत त्यांचा भाचा. बांबूच्या काड्या, टोकं ठेचून मऊ केलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या. मावशींनी आधी तळवा भिंतीवर फिरवला आणि म्हणाल्या, "भिंत बरी झाली." मला तेवढं पुरलं.

मग मी ड्रॉइंग पुढं केलं. मधे ५५ इंची टीव्ही आणि त्याच्या चारी बाजूंनी वारली चौकाची नक्षी, त्रिकोण, साखळ्या, ठिपके. मी त्यावर लिहिलं होतं: 'बॉर्डर'.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "मधी काय?"

"टीव्ही."

"मग देवी कुठं बसंल?"

मला चौक माहीत होता, असं मी समजत होते. लग्नघरात सवाशिणी तो तांदळाच्या पिठानं काढतात, मधे पालघाट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, हे सगळं वाचलेलं. पण वाचलेलं आणि ड्रॉइंग करताना हाताखाली असलेलं, या दोन गोष्टी माझ्यात कधी भेटल्याच नव्हत्या. ती नक्षी देवीसाठी आखलेली जागा आहे. रिकामी चौकट म्हणून ती मिळतच नाही.

घरमालकांनी मोबाईलवर तसाच स्टिकर दाखवला, ऑनलाइन मिळणारा. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. मावशी एवढंच म्हणाल्या, "ते त्यांनी केलं. चौकाला लगीन लागतं. इथं कुणाचं लगीन आहे?" भाचा कानकोंडा होऊन म्हणाला, मी काढतो. मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आज वारली पुरुषही काढतात, जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक बायांचाच.

मालक बाल्कनीत जाऊन फोनवर बोलू लागले. मला वाटलं, काम गेलं. तेवढ्यात आतून त्यांच्या आई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि मावशींना म्हणाल्या, "मग तुम्हाला काय काढावंसं वाटतं?" मावशी म्हणाल्या, "आई, तुमच्या घरात काय काय होतं, सांगा."

त्या सांगत गेल्या. सोळाव्या मजल्याच्या खिडकीसमोर रोज येणारी घार. लिफ्ट बंद पडली तेव्हा पाण्याचे कॅन जिन्यानं चढवणारी मुलं. नातीचं बारसं. गच्चीवर सांडगे घालू देत नाहीत म्हणून ग्रिलमध्ये वाळत घातलेले. मावशी ऐकताऐकता काढत होत्या. काडी भिंतीवर टेकते तेव्हा रेघ जवळजवळ दिसतच नाही, पाण्याचा ओला माग तेवढा. तुम्ही मागे सरता, पाणी सुकतं आणि मिनिटाभरात पांढरी घार भिंतीतून वर येते. संध्याकाळपर्यंत टीव्हीच्या डाव्या अंगानं जिना चढत गेला, कॅन घेतलेल्या त्रिकोणी पोरांसकट. टीव्हीभोवती हातभर गेरू कोरा राहिला. मालकांना ते अर्धवट वाटलं. त्यांच्या आईंना नाही. मला आजही त्या कोऱ्या पट्ट्याकडे बघताना बरं वाटतं.

परत जाताना गाडीत मावशींनी सहज विचारलं, "आधी कुठं काढलाय का असा चौक?"

मी नाही म्हणाले.

काढलाय. तीन वर्षांपूर्वी, खारघरला, स्टेन्सिलनं, देवीसकट. दाराशेजारी, बुटांच्या रॅकच्या वर. त्या घरी सगळ्यांना फार आवडला होता. नंबर माझ्याकडे आहे. पुन्हा रंगवून देते, पैसे नकोत, एवढंच सांगायचं आहे. अजून फोन केलेला नाही.