चटणी सोडलीत का हो?

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येतात, ताटाकडे बघतात आणि हमखास विचारतात, "ह्यांना शुगर आहे, तुमच्याकडं हलकं जेवण असतं म्हणे, मग शेंगाची चटणी अजून कशी?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. चटणी सोडली नाही, तिच्यावरचं तेल सोडलं.

खरं तर आमची सोलापुरी चटणी वरून तेल मागतच नाही. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे. मिक्सरमध्ये एकदा फिरवून काढली तर नुसता कोरडा भुगा होतो. मुसळाखाली दाणा चेपतो, चिकटतो आणि पंधराएक मिनिटांत गोळा चकाकायला लागतो. बोटाला लागतं ते दाण्याचंच तेल. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. तरी आम्ही वर्षानुवर्षं चटणीत खळगा करून पळीभर ओतत होतो!

ह्यांचा रिपोर्ट आला तेव्हा मी आधी घाबरून ओट्स आणले, किन्वा आणला. ओट्सचा उपमा ह्यांनी चार दिवस गप खाल्ला आणि पाचव्या दिवशी बाहेर भजी खाऊन आले. मग मी हिशोबाला बसले. आम्ही चौघं आणि महिन्याला तेलाचा 5 लिटरचा डबा. म्हणजे माणशी रोज 40 मिलीच्या वर. तेवढ्या तेलाचे उष्मांक दीड भाकरीपेक्षा जास्त भरतात. आता डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर असतो. सकाळी दिवसाचं 80 मिली तेल वाटीत मोजून काढते. वाटी संपली की संपली. डबा दोन महिने जातो.

ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असा मात्र उगाच गैरसमज आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला अभिमान आहेच. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा असतो, पण बाकी बहुतेक पिष्टच. मालदांडी ह्या नावाजलेल्या वाणाची झाली तरी चार भाकऱ्या खाल्ल्यावर साखर वाढायची ती वाढतेच. ह्यांच्या तीनच्या दोन केल्या. कडक भाकरी तर डब्यात कुलूप लावून ठेवावी अशी. पापडासारखी मोडत बसलं की कधी संपते कळत नाही.

भाकरी कमी केली तर पोट भरायला काय? आठवड्यातून दोनदा शेंगोळे. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, ठेचलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं. तळहातावर बोटभर वळी वळून टोकं जोडायची. पातेल्यात एक चमचा तेलावर लसणाची फोडणी, त्यात पाणी, आणि उकळी आली की एकेक शेंगोळं सोडायचं. पहिल्यांदा मी घाईनं कोमट पाण्यातच सोडले, खाली नुसता लगदा. सासूबाई बघत होत्या. "पाणी खदखदू दे की गं, कुठं गाडी गाठायची हाय तुला?" वीसेक मिनिटांत रस्सा आपोआप दाट होतो. वाटीभर खाल्लं की दुसरी भाकरी कोणी मागत नाही.

थंडीत करडईची भाजी मूगडाळ घालून. पण कोवळीच घ्या, निबर झाली की पानांना काटे येतात.

एक चूक कबूल करते. तेल कमी केलं तशी चव गेली असं वाटून मी नकळत मीठ वाढवलं, आणि ह्यांचं बीपी चढलं. आता लिंबू पिळते, ताटात ताक ठेवते. आमटीतलं मीठ सासूबाईच घालतात, माझ्या हातावर त्यांचा विश्वास उरलेला नाही.

यंदाच्या जत्रेला पुण्याची नणंद आली होती. तिनं चटणी घेतली, सवयीनं मधोमध खळगा केला आणि म्हणाली, "वहिनी, तेल?" डबा वरच्या फळीवर, काढायला स्टूल लागतं आणि स्टूल गच्चीवर. आम्ही सगळे जेवत होतो. कोणीच उठलं नाही. तिनं खळग्यात दही घातलं.