सिंगापूर ते न्यूअर्क: नकाशावरचे अंतर आणि विमानातले तास

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यू जर्सीतील न्यूअर्क विमानतळ यांच्यामधील सर्वांत कमी अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक असल्यामुळे ही जवळची वाट चीन, मंगोलिया आणि सायबेरिया मागे टाकून थेट उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाते. जूनमध्ये आम्ही गेलो ते विमान मात्र जपानच्या बाजूने पॅसिफिक महासागर ओलांडून गेले.

सिंगापूर एअरलाइन्सने ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ही थेट सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा मार्गाची लांबी सुमारे १६,७०० किलोमीटर सांगितली होती. तेराशेहून अधिक किलोमीटरचा हा वळसा परवडतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला मागून रेटा देतात. त्यामुळे अंतराला सरासरी वेगाने भागून काढलेल्या तासांवर पुढचे बेत आखू नयेत. वेळापत्रकात साधारण पावणेएकोणीस तास दिसतात, पण त्यांत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो; वारा अनुकूल असला तर विमान बरेच आधी पोहोचते. परतीचे विमान पुष्कळदा अटलांटिक आणि युरोपवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच येते, आणि जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते.

या प्रवासातली खरी कसोटी झोपेची असते. रात्री उशिरा निघालेल्या विमानाला काही तासांतच सूर्योदय गाठतो, पॅसिफिकवर एक आखूड दिवस सरतो, दुसरी रात्र होते आणि न्यूअर्कला पहाट उजाडते, तीही त्याच तारखेची, जिची पहाट सिंगापूरमध्ये कधीच होऊन गेलेली असते. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत नेमका बारा तासांचा फरक असल्याने काट्यांचे घड्याळ लावावेही लागत नाही. हिवाळ्यात तो तेरा तासांचा होतो. माझ्या मते पहिल्या रात्री थोडीशीच डुलकी घ्यावी आणि मुख्य झोप दुसऱ्या रात्रीसाठी राखावी. मधुमेहाची किंवा ठरावीक वेळेची औषधे घेणाऱ्यांनी वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात आणि औषधे हातातील बॅगेत ठेवावीत.

न्यूअर्कच्या विमानात साधा इकॉनॉमी वर्ग नाही, बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी एवढेच आहेत, त्यामुळे तिकीट महाग पडते. स्वस्त तिकीट हवे असल्यास न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे थेट विमान पाहावे. त्यात इकॉनॉमी वर्ग आहे. मात्र एडिसनच्या परिसरात, जिथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, जायचे असेल तर न्यूअर्कच सोयीचे, कारण विमानतळाच्या रेल्वे स्थानकावरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी थेट एडिसनला जाते. केनेडीवरून आधी न्यूयॉर्कमधलेच जमैका स्थानक, मग मॅनहॅटनचे पेन स्टेशन आणि तिथून पुढची गाडी, अशी सामानासकट उतरचढ करावी लागते. शाकाहारी किंवा जैन जेवण निघण्याच्या किमान एक दिवस आधी नोंदवावे. चांगीला सुरक्षा तपासणी बहुधा विमानात चढण्याच्या गेटजवळच होत असल्याने पाण्याची बाटली तिथे रिकामी न्यावी व आत भरून घ्यावी.

मुंबईहून निघणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये: तिथून न्यूयॉर्क परिसर सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर आहे आणि सिंगापूरमार्गे जाणे म्हणजे आधी उलट्या दिशेला पाच-सहा तास घालवणे.