चावीवरच्या खुणा

रत्नागिरीत रामआळीजवळच्या एका बोळात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मूळ वडिलांचं. त्यांच्या वेळी काचेच्या कपाटात एचएमटीची जनता, पायलट, सोना अशी ओळीनं टांगलेली असत. आता दिवसाच्या वीस कामांतली अठरा म्हणजे सेल बदलणं, पट्टा बदलणं आणि भिंतीवरच्या घड्याळाचं 'टिकटिक ऐकू येते, झोप लागत नाही' हे गाऱ्हाणं ऐकणं. उरलेल्या दोनात एखादं दुबईहून आणलेलं 'फर्स्ट कॉपी' असतं. त्याच्या मालकाला ते नकली आहे हे सांगायचं की नाही, हा रोजचा प्रश्न. मी सांगत नाही. पट्टा बदलून देतो.

म्हणून खरं स्विस ऑटोमॅटिक काउंटरवर आलं की माझी जीभ जरा सैल सुटते, हे आधीच कबूल करतो.

मार्चमध्ये एक गृहस्थ मुलाबरोबर आले. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, अख्खी आळी त्यांना 'चीफ' म्हणते. अमृतमहोत्सवाला मुलानं घड्याळ दिलेलं. स्टीलची केस, स्टीलची चेन, नीलमणी काच, स्क्रूसारखी पिळून बंद करायची चावी, तारीख, डायलवर १०० मीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. चेन सैल होत होती, दोन कड्या काढायच्या होत्या. काम दहा मिनिटांचं. मुलानं विचारलं, "अप्पांना रोज घालायचंय. काय काय सांभाळायचं, जरा सांगा त्यांना."

झालं. मी सुरू.

नारळ सोलताना, लाकूड फोडताना काढून ठेवा, कोयत्याचा दणका थेट बॅलन्सच्या, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाच्या टोकांना बसतो आणि ती टोकं केसाएवढी असतात. बंबाच्या कडकडीत पाण्यानं आंघोळ करताना घालू नका, वाफेनं आणि साबणानं आतल्या रबरी कड्या लवकर मरतात. समुद्रातून आलात की गोड्या पाण्याखाली धुवा, चेनच्या सांध्यांत मीठ राहिलं तर स्टीलही खातं. वाळू लागली असेल तर आधी पाणी ओता, मगच पुसा. काचेला काही होत नाही, पण वाळूतला गारेचा कण स्टीलपेक्षा कठीण असतो. काच ओरखडत नाही म्हणून जांभ्याच्या गडग्यावर हात घासत चालू नका, कड आपटली तर टवका उडतो. आंब्याचा चीक लागला तर तिथल्या तिथे पुसा. फोनच्या स्पीकरवर, चुंबकाच्या कव्हरवर ठेवू नका, हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्या चाकाच्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पळत सुटतं. रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नका, तेव्हा आतली चक्रं तारखेच्या दात्यांत अडकलेली असतात.

चीफ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तारीख बदलायची लागते होय रे? आपोआप नाही बदलत?"

मी हसलो. म्हटलं, बदलते, पण ह्याला प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच वाटतो. वर्षातून पाच वेळा हातानं पुढे करायची. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या एक तारखेला. ज्यात ते करावं लागत नाही त्याला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात आणि त्याच्या किमतीत चीफसाहेब, तुमच्या वाडीत आणखी एक घर उभं राहील. मुलगाही हसला. चीफ म्हणाले, "म्हणजे चावी उघडायलाच हवी." म्हटलं, "हो. आणि बंद करताना आत दाबून, पिळून. तेवढं विसरू नका."

नंतर हौसेनं त्यांच्यासमोर प्रेशर टेस्टही केली. माझ्याकडे मुंबईहून सेकंडहँड आणलेलं कोरडं टेस्टिंग मशीन आहे, १० बारपर्यंत, म्हणजे १०० मीटर पाण्याच्या दाबाएवढं जातं. पाणी लागत नाही. हवेच्या दाबानं केस किती दबते हे ते मायक्रॉनमध्ये मोजतं, दाब धरून ठेवला तरी केस हळूहळू मूळ आकाराला यायला लागली तर कुठून तरी हवा आत शिरतेय. ह्या जिल्ह्यात असं मशीन दुसऱ्या कुणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. घड्याळ ठणठणीत पास झालं.

तीन मेला दोघं परत आले. ह्या वेळी मुलगा पुढे आणि चीफ मागे.

घड्याळ तांदळाच्या डब्यातून काढून आणलेलं. ही तांदळाची बुद्धी लोकांना कुणी दिली, मला एकदा भेटायचंय त्याला. तांदूळ ओल शोषेल न शोषेल, मीठ कुठलं शोषणार? उलट पाणी सुकतं आणि क्षार तिथेच बसतो. समुद्राचं पाणी घड्याळात गेलं तर तास मोजायचे असतात. ह्यांनी दोन दिवस घालवलेले.

एक मेच्या सुट्टीला सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर गेलेले. नातवाला घेऊन चीफ कमरेएवढ्या पाण्यात. संध्याकाळी काचेवर आतून धुकं, रात्री काटे थांबले. मुलाचा पारा चढलेला. "१०० मीटर लिहिलंय आणि कमरेएवढ्या पाण्यात बुडतं? चावी घट्ट आहे, बघा तुम्ही. वॉरंटी आहे. ग्राहक मंचात खेचतो ह्यांना." त्यानं मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून ठेवला होता. तिथल्या बाईंचं म्हणणं एकच: उघडू नका, कुरिअर करा. त्यांचंही बरोबर, बाहेरच्यानं झाकण उघडलं की वॉरंटी संपते. पण कुरिअर पोचून, नोंद होऊन, टेबलावर यायला आठवडा. तोवर आत गंज चढत राहणार. हे त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

मी डोळ्याला भिंग लावलं.

आता इथून पुढे जे केलं, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

पहिली गोष्ट, धुकं सगळीकडे सारखं नव्हतं. तीनच्या आकड्याकडे, म्हणजे चावीच्या बाजूला दाट. तिथेच डायलचा रंग फुगलेला आणि तारखेच्या खिडकीच्या कडेला तांबूस रेघ. झाकणाकडून किंवा काचेकडून पाणी शिरलं असतं तर असं दिसत नाही. दुसरी गोष्ट, खिडकीत १. घड्याळ एक मेला रात्री बंद पडलं, मग १ बरोबरच, असं कुणीही म्हणेल. पण एप्रिल ३० दिवसांचा! हात लावला नसता तर त्या दिवशी खिडकीत ३१ दिसायला हवं होतं. म्हणजे त्या दिवशी चावी उघडली होती. घड्याळ मार्चमध्ये मिळालेलं आणि मार्च ३१ दिवसांचा, म्हणजे उघडण्याची ही पहिलीच वेळ.

तिसरी गोष्ट चावीवर. कडेच्या बारीक दात्यांवर समोरासमोर दोन ठिकाणी आडव्या खुणा होत्या, दात्यांची टोकं चेपलेली. अशा खुणा बोटांनी होत नाहीत.

मी भिंग काढलं आणि म्हणालो, "ह्याला पक्कड कोणी लावली?"

दुकानात शेजारचा टेलर होता, पट्टा बदलायला आलेली दोन कॉलेजची मुलं होती. मी तेवढ्यावर थांबलो नाही. सगळं उलगडून सांगितलं. सकाळी तारीख बदलली, चावी पिळायची राहिली, कदाचित बाहेर ओढलेलीच राहिली, पाण्यात गेले, संध्याकाळी धुकं दिसल्यावर पक्कडीनं घट्ट केली. म्हणून आज घट्ट आहे. कंपनीचा संबंध नाही. टेलर म्हणाला, "वा!"

मुलगा वडिलांकडे वळला. "अप्पा? इंजिनिअर ना तुम्ही? एक चावी बंद करता येत नाही?"

चीफ काही बोलले नाहीत. काउंटरवर ठेवलेला उजवा हात त्यांनी उचलला आणि पँटच्या खिशात घातला.

तो हात खिशात जाताना मी पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ, अंगठा तळव्याकडे ओढला गेलेला. मार्चमध्ये चेनचं माप घेताना हाच हात मी दहा मिनिटं धरून बसलो होतो. मनगट पाहिलं, हात पाहिला नाही.

ज्यांनी स्क्रूची चावी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उघडणं सोपं, उलटी फिरवली की स्प्रिंगनं आपोआप बाहेर उडी मारते. बंद करताना त्याच स्प्रिंगला बोटांनी आत रेटत, रेट न सोडता, उलट दिशेला अलगद फिरवून आटा बसल्याचा 'टक' शोधायचा आणि मग दोन-तीन वेढे सुलट पिळायचे. सगळा भार अंगठ्याच्या पेरावर आणि शेजारच्या बोटावर, आणि धरायला पाच-सात मिलिमीटरची गोल चकती. अंगठ्याचा सांधा झिजलेल्या माणसाला हे सुईत दोरा ओवण्यापेक्षा कठीण. रोलेक्सनं १९२६ साली ही चावी ऑयस्टर केसमध्ये आणली, पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली, आणि तेव्हापासून सगळ्यांनी पाणी किती खोल ह्याचाच हिशेब केला. बोटांचा कुणी केला नाही. मी तरी कुठे केला?

मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. चीफ हळूच म्हणाले, "तुला मार्चमध्ये विचारलं होतं ना मी."

एवढंच.

मुलगा परत आला तो वरमलेला. पक्कडीच्या खुणा असताना वॉरंटीचा दावा टिकणार नाही हे त्याच्याही लक्षात आलं होतं. म्हणाला, "मग आता उघडाच तुम्ही." आणि हीच माझी अडचण आहे. मी तोंड मिटून बसलो असतो तर घड्याळ बंदच्या बंद कुरिअरमध्ये गेलं असतं. ते बाजूला नेऊन एकट्या चीफना विचारता आलं असतं, हे मला रात्री सुचलं.

उघडलं. झाकणाची रबरी कडी कोरडी आणि स्वच्छ, माझी टेस्ट खोटी नव्हती. चावीच्या दांडीभोवतीचे सगळे भाग नारिंगी. रोटरच्या बेअरिंगखाली एक गढूळ थेंब अजून तसाच. काटे, डायल, तारखेची चकती आधी काढली, त्यांना पाणी दाखवायचं नसतं. मग मशीन सुटं करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये, चार वेळा पाणी बदलून. मग अल्कोहोल, म्हणजे पाणी निघून जातं. पण बॅलन्स आणि पॅलेट अल्कोहोलमध्ये ठेवून विसरायचे नाहीत: त्यांची माणकं लाखेनं चिकटवलेली असतात, तीच लाख, बांगड्यांची, आणि अल्कोहोलमध्ये ती विरघळते. त्यांना क्षणभर बुडवून लगेच बेंझिनमध्ये. हेअरस्प्रिंगवर गंजाचा एकही ठिपका नव्हता, ते पाहून माझे हात पहिल्यांदा सैल झाले. रबरी फुंकणीनं एकेक भाग सुकवला, डब्यांत भरला, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. दुकान साडेआठला बंद करतो, त्या दिवशी पावणेबारा झाले. मजुरी घेतली नाही. ते औदार्य नव्हतं.

भाग मुंबईला गेले. दांडी, नळी, चावी, डायल आणि चावीकडची सगळी यंत्रणा नवीन. बिलाच्या आकड्यात एक बरी स्कूटर येते. मुलानं भरलं, कुरकुर न करता. तो वाईट माणूस नाही, मोठ्यानं बोलणारा आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात घड्याळ परत आलं, तेही त्यानंच पुण्याहून येताना परस्पर आणलं. माझ्याकडे आलं नाही.

एक जुलैला मी वाट पाहिली. पाऊस असा की बोळातून ओहोळ वाहत होता, दिवसभरात तीन गिऱ्हाइकं. मनाशी ठरवलं होतं, आलेच तर काही न बोलता हात पुढे घ्यायचा, तारीख करायची, चावी पिळायची, चहा मागवायचा. फोनही करावासा वाटला. पण काय म्हणून? 'तुम्हाला जमणार नाही, या मी करून देतो'? एकदा चारचौघांत बोललो, आता परत फोनवर?

चार तारखेला बँकेत गेलो होतो. चीफ खिडकीशेजारच्या टेबलावर पैसे भरायची स्लिप लिहीत होते. शर्टाची बाही दुमडलेली, डाव्या मनगटावर तेच घड्याळ, काच पुसून लख्ख. मी मागच्या रांगेत, तीन हातांवर. भिंगाशिवायही मला एवढं दिसतं: तारखेच्या खिडकीत ३.

त्यांनी पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरलं होतं, अंगठा बाजूला मोकळा. तारखेच्या रकान्याशी आले, मनगटाकडे पाहिलं आणि स्लिपवर ४ लिहिलं.